नंदीचे चार पाय

मनोहररावांनी जन्मात पहिल्यांदा करवत हातात घेतली ती वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, आणि तीही उलटी. (दाते वर आणि बोटं दात्यांवर. लगेच कळलं म्हणून बोटं राहिली.) पण ते नंतरचं. त्याआधी त्यांनी एक अगदी लहानसा निर्णय घेतला होता: यंदा तान्ह्या पोळ्याला लेकीसाठी लाकडी नंदी घरच्या घरी करायचा, आणि तो हलका करायचा.

पोळ्याला शेतकऱ्यांचे बैल सजतात आणि दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, नागपुरातल्या पोरांचे. चाकांच्या फळीवर उभे केलेले लाकडी नंदी, त्यांना झुली, शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरू. पोरं ते दोरीनं ओढत मैदानातल्या तोरणाखाली आणतात, पूजा होते, बक्षिसं वाटतात, आणि मग घरोघर जाऊन पोरं बोजारा मागतात. खाऊ, पैसा, जे मिळेल ते. ज्याच्या घरचा नंदी मोठा, त्याची मान त्या दिवशी ताठ.

मनोहररावांच्या घरी मोठा नंदी होता. आजोबांच्या हातचा, अस्सल सागवानी, वजन अठ्ठावीस किलो. पण तो ओढायचे सणाला येणारे पुतणे. गोपिका, मनोहररावांची सात वर्षांची एकुलती एक लेक, दरवर्षी मागून झुलीचं टोक धरून चालायची आणि घरी आल्यावर जेवायची नाही.

अडुसष्ट सालच्या एप्रिलमध्ये गोपिकाला टायफॉईड झाला. एकवीस दिवस ती दवाखान्यात होती. त्यातल्या नऊ दिवसांबद्दल मनोहरराव पुढे कधीच कुणाशी बोलले नाहीत. दहाव्या दिवशी ताप उतरला. पोरीनं डोळे उघडले, पाणी मागितलं आणि म्हणाली, "बाबा, या साली नंदी मीच ओढीन."

त्या क्षणी तिनं हत्ती मागितला असता तरी मनोहररावांनी हो म्हटलं असतं. नंदीला तर त्यांनी दोनदा हो म्हटलं.

तेव्हापासून हा माणूस दिसेल त्याचे आभार मानत सुटला. डॉक्टरांचे मानले, नर्सबाईंचे मानले, दवाखान्यातून घरी सोडणाऱ्या रिक्षावाल्याचे इतक्या वेळा मानले की त्याला वाटलं बाबूजी भाडं बुडवून राहिले. घरमालकाचे मानले (त्याने काहीच केलं नव्हतं, पण त्या महिन्यात तो भांडला नव्हता). एकटी प्रेमिला, त्यांची बायको, तेवढी राहिली. एकवीस रात्री ती दवाखान्याच्या फरशीवर बसून होती, पण बायकोचे आभार मानायचे असतात हे मनोहररावांना कुणी सांगितलं नव्हतं.

पोरगी घरी आली ती काटकुळी होऊन. पाण्याचा गडवा तिला दोन्ही हातांनी उचलावा लागायचा. ती अठ्ठावीस किलोचा नंदी ओढणार कशी? मनोहररावांनी त्यावर विचार केला आणि सागवानी नंदी खाप्याला राहणाऱ्या मोठ्या भावाकडे पाठवून दिला. यंदा तुमच्याकडेच ठेवा, म्हणाले, आमच्याकडे नवा होऊन राहिला. परतीचे दोर त्यांनी असे स्वतःच्या हातानं कापले.

आता मनोहररावांना लाकडातलं काय कळत होतं, तर सगळंच. ते एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते आणि त्यांच्या कपाटात लाकडांच्या गुणधर्मांच्या फायली होत्या. कुठल्या झाडाचं लाकूड किती वजनाचं, किती टणक, कशाच्या कामाचं, हे तक्ते त्यांनी एकोणीस वर्षांत इतक्यांदा टाईप केले होते की झोपेतही त्यांना शिवण, सालई आणि सावर एकाखाली एक दिसत. प्रत्यक्ष झाडाशी मात्र त्यांचा संबंध वर्षातून एकदाच यायचा. वनमहोत्सवात साहेब प्रत्येकाला कचेरीच्या आवारात एकेक रोप लावायला लावत. मनोहररावांच्या रोपानं आजवर दिवाळी पाहिली नव्हती.

तक्ता घेऊन बसून त्यांनी पांगारा निवडला. पांगारा: लाकूड पांढरट, मऊ, अतिशय हलके, घनफुटास साधारण आठ ते नऊ किलो, म्हणजे सागाच्या निम्म्याहून कमी. उपयोग: खेळणी, खोकी, चाळण्यांच्या कडा. गंमत म्हणजे नख रुतेल इतकं हे मऊ लाकूड शास्त्राच्या हिशेबात 'हार्डवुड' गटात बसतं, कारण तो गट झाडाच्या जातीवरून ठरतो, टणकपणावरून नाही. मनोहररावांना याचा आधार वाटला. कचेरीत त्यांची नोंदही 'कडक हेडक्लार्क' अशीच होती.

नागपूरजवळच्या बेसा गावी त्यांचा मामेभाऊ बळीराम शेती करायचा. त्याच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, पांगाऱ्याचं जुनं कुंपण होतं. जुलैच्या एका रविवारी मनोहररावांनी सायकल काढली आणि बळीरामाकडून एक जाड बुंधा आणि मांडीएवढ्या चार फांद्या तोडून आणल्या. सायकल येताना बरीच जड लागली. (तक्त्याच्या तळाशी बारीक अक्षरात 'वजने पूर्ण वाळलेल्या लाकडाची' असं छापलेलं होतं. ती ओळ मनोहररावांनीच टाईप केली होती. आपण टाईप केलेलं वाचायची त्यांना सवय नव्हती.)

गल्लीच्या तोंडाशी धोंडबा सुतार राहायचा. त्याच्याकडे ते हत्यारं मागायला गेले. धोंडबानं येऊन लाकूड पाहिलं, नखानं खरवडलं, वास घेतला.

"बाबूजी, वलं हाये हे. दोन महिने सावलीत पडू द्या, मंग हात लावा."

"धोंडबा, तुले किती वर्षं झाली गा या धंद्यात?"

"तीस."

"मले लाकडाच्या फायली सांभाळून एकोणीस झाली."

हे त्यांनी अशा सुरात सांगितलं की एकोणीस जास्त आणि तीस कमी. धोंडबानं वाकस, करवत आणि पटाशी काढून दिली आणि तो आपल्या घरी गेला.

प्रेमिलाचं माहेर भिवापूरचं, मिरचीच्या वावरातलं. तिनं अंगणात पडलेल्या फांद्यांकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "अहो, हे लाकूड मेलं नाई अजून." त्यावर मनोहररावांनी तिला समजावलं की झाड एकदा तोडलं की कागदोपत्री ते झाड राहत नाही, लाकूड होतं. प्रेमिला बरं म्हणाली आणि आत पोळ्या लाटायला गेली. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. कुठं बोलायचं आणि कुठं पोळ्या लाटायच्या हे तिला पक्कं ठाऊक होतं.

काम सुरू झालं. बुंध्याची साल काढली, पाठ गोल केली, पोट तासलं. लाकूड खरंच लोण्यासारखं कापलं जात होतं, त्यामुळे जिथं कापायचं नव्हतं तिथंही कापलं गेलं. वशिंड जरा पुढे गेलं, मान जरा मागे आली. तोंड आधी बैलाचं होतं, मग घोड्याचं झालं, आणि शेवटी त्यावर त्यांच्या थोरल्या भावाची छाया आली तेव्हा मनोहररावांनी पटाशी खाली ठेवली.

पायांना त्यांनी साल तशीच ठेवली. वरचे काटे तेवढे घासून काढले. ती राखाडी साल बैलाच्या चामड्यासारखी दिसते असं त्यांचं मत पडलं. (खरं कारण, हातात एकूण सतरा काटे गेले होते.) पोटाला चार भोकं पाडून त्यात चार पाय बसवले आणि नंदी उभा केला. तो डावीकडे कलला. म्हणून उजवे पाय थोडे कापले. तो उजवीकडे कलला. म्हणून डावे कापले. असं दोन संध्याकाळ चाललं आणि नंदी बसक्या पाटाएवढा व्हायची वेळ आली, तेव्हा मनोहररावांना युक्ती सुचली. पाय जमिनीत पुरायचे. अंगणाच्या कडेला टिनाच्या छपराखाली त्यांनी चारही पाय वीत-वीत खोल गाडले, एक जास्त, एक कमी, आणि नंदी पाणसळ लावल्यासारखा सरळ उभा राहिला. वाळेल सावलीत, पोळ्यापर्यंत, मग काढून पाय बरोबर करू आणि धोंडबाच्या चाकांच्या फळीवर ठेवू. धोंडबाचाही मान राहील.

आता छपराची पन्हळ नेमकी नंदीच्या पायांशी गळत होती. ते बायको सोडून कुणाच्या ध्यानात आलं नाही.

श्रावणभर पाऊस पडला. गोपिका रोज शाळेतून आली की नंदीपाशी बसायची. त्याला दिवसभराचं सगळं सांगायची. गल्लीतल्या प्रत्येक पोरीला तिनं सांगून ठेवलं होतं की यंदा आमचा नंदी मी ओढणार, बाबांनी बनवला आहे, तो फुलाएवढा हलका आहे. मनोहररावही रोज कचेरीतून आले की एक चक्कर मारत आणि तृप्त होत. एका रविवारी त्यांना नंदीच्या गुडघ्याशी एक हिरवा तुरा दिसला. पोरीनं शोभेला खोचला असेल असं समजून त्यांनी तिचं कौतुक केलं. पोरीनं आईकडे पाहिलं. आईनं चहाचं आधण ठेवलं.

तान्ह्या पोळ्याचा दिवस उजाडला. सकाळी नऊला धोंडबा चाकांची फळी घेऊन आला. गोपिका नवा फ्रॉक घालून, हातात घुंगरांची माळ घेऊन उभी. मनोहररावांनी धोतर खोचलं आणि नंदीला हात घातला.

नंदी हलला नाही.

त्यांनी दुसऱ्या बाजूनं जोर लावला. मग धोंडबा आला. दोघांनी मिळून हलवला. नंदी थोडा डुलला आणि पुन्हा जागच्या जागी उभा राहिला. धोंडबा खाली बसला, पायाजवळची माती बोटांनी बाजूला सारली. आत पांढरी मुळं होती, बोटभर लांबीची, चांगली दांडगी.

"बाबूजी," तो शांतपणे म्हणाला, "यानं मूळ धरलं."

मनोहररावांना आधी कळलंच नाही. मग त्यांनी ओट्यावर बसून आठवलं. बळीरामाच्या धुऱ्यावरचं ते अख्खं कुंपण असंच तर उभं राहिलं होतं. पांगाऱ्याची ओली फांदी पावसाळ्यात खोचायची आणि विसरून जायचं. वावरातलं शेंबडं पोर हे जाणतं. फक्त ज्याला पांगाऱ्याचं घनफुटाला वजन पाठ आहे, त्याला ठाऊक नव्हतं.

लांबून महालाकडचे ताशे ऐकू येत होते. तिकडे मारबतीची मिरवणूक निघाली होती. गावातली इडापिडा घेऊन जायला लोक दरसाल बडग्या नावाच्या कागदी पुतळ्याचं सोंग काढतात. यंदा कागदाचं करायची गरज नाही, मलाच न्या, असं मनोहररावांच्या मनात येऊन गेलं. बाजारात आता चिमुकले नंदीही उरले नसतील. खाप्याला जाऊन सागवानी आणावा तर तोवर तोरण तुटून पोळा संपेल.

धोंडबा म्हणाला, कुऱ्हाडीनं खालून तोडू, दहा मिनिटांचं काम. आणि तेव्हा गोपिका पुढं झाली. नंदीच्या गळ्याला मिठी मारून उभी राहिली.

"याले तोडू नका बाबा. याले लागन."

"मंग तू काय ओढशील बेटा?"

"काई नाई. मी इथंच बसतो याच्यापाशी."

ती रडली असती तर चाललं असतं. ती रडली नाही. समजूतदारपणे घुंगरांची माळ नंदीच्या गळ्यात घालून खाली मान घालून बसली. दवाखान्यात सुई टोचताना ती अशीच बसायची. मनोहररावांनी मनात हिशेब मांडला. आपण पोरीला शब्द दिला होता, तिनं त्या शब्दावर अंथरूण सोडलं होतं, आणि आपण काय केलं तर कुंपण लावलं.

त्या वैतागात ते उठले, पोरीला अलगद बाजूला केलं, नंदीच्या पोटाला दोन्ही हातांनी कवटाळलं आणि देवाचं नाव घेऊन असा हिसडा दिला की पुढचं कुणालाच नीट दिसलं नाही. आवाज आला. पाय जमिनीत उभेच राहिले, धड भोकांमधून निसटलं आणि मनोहरराव नंदीला छातीशी धरून पन्हळीखालच्या चिखलात उताणे पडले.

प्रेमिला धावत आली. धोंडबानं डोळे मिटले. पण चिखलातून कण्हण्याऐवजी भलताच आवाज आला. मनोहरराव हसत होते. छातीवर अख्खा नंदी होता आणि त्यांना श्वास घेता येत होता. दीड महिना छपराखाली राहून धड चांगलं सुकलं होतं.

"प्रेमिला," ते आडवे पडूनच म्हणाले, "आठ-नऊच किलो भरन, पाह्य बरं. तक्ता खोटा नाई."

"तक्ता ऱ्हाऊ द्या. उठा आधी," प्रेमिला म्हणाली. मग तिनं धोंडबाकडे वळून विचारलं, "भाऊ, महादेवापुढचा नंदी तुमी कधी उभा पाह्यला काय?"

धोंडबाच्या तोंडावर हळूहळू हसू आलं. नंदी बसलेला असतो. प्रत्येक देवळात तो बसलेलाच असतो. त्यानं फळी सरळ केली, धड त्यावर ठेवलं, खालून चार खिळे मारले (पांगाऱ्यात खिळा ठोकावा लागत नाही, नुसता दाखवावा लागतो). उरलेल्या ढलप्यांचे दुमडलेले गुडघे करून पुढं लावले. प्रेमिलानं पेटीतून आपलं लाल लुगडं काढलं, ठेवणीतलं, आणि झूल म्हणून खिळ्यांना अडकवून असं पांघरलं की मनोहररावांच्या हातच्या सगळ्या चुका झाकल्या गेल्या. तोंडाला बेगड लावल्यावर थोरल्या भावाची छायाही गेली.

अकरा वाजता गोपिकानं दोरी हातात घेतली. मनोहरराव मागून चालत होते, हात पुढे करून, कधी धरावं लागेल म्हणून. धरावं लागलं नाही. ती काटकुळी पोर मैदानापर्यंतचा सगळा रस्ता नंदी ओढत गेली, चढावर थांबली नाही, आणि पुतण्यांच्या वयाच्या दोन पोरांना मागं टाकून तोरणाखाली जाऊन उभी राहिली. मनोहररावांनी खिशातून रुमाल काढला आणि चिखल पुसल्यासारखं केलं.

परीक्षक होते श्रीधर मास्तर, शाळेतून निवृत्त झालेले आणि संस्कृतचे पक्के. शंभर उभ्या नंदींमधून फिरून ते या बसलेल्या नंदीपाशी थांबले. म्हणाले की इतक्या वर्षांत शास्त्राला धरून केलेला नंदी प्रथमच पाहतो आहे, ही कल्पना सुचली कशी? मनोहररावांनी अंगरख्यावरचा चिखल झाकत सांगितलं की अभ्यास होता थोडा. मागे प्रेमिलाला ठसका लागला. गोपिकाला तिसरं बक्षीस मिळालं, पेन्सिलींची पेटी. बोजाऱ्यानं फ्रॉकचे दोन्ही खिसे फाटले.

दुपारी पुरणपोळ्या झाल्यावर मनोहररावांचं आभार मानणं पुन्हा सुरू झालं. धोंडबाचे मानले, त्याला धोतरजोडी दिली आणि पुढच्या वर्षी लाकूड तूच आण म्हणून सांगितलं. मग शेजारच्या रुखमाबाई पोरीचं बक्षीस पाहायला आल्या. त्यांच्या दारी एक शेळी होती. त्या म्हणाल्या, "बाबूजी, उद्यापासून पाला कमी भेटन का जी? शेळी सोकावली आता."

कसला पाला, असं मनोहररावांनी विचारलं आणि मग सगळं बाहेर आलं. तिसऱ्या आठवड्यापासून नंदीच्या पायांना पालवी येत होती. प्रेमिला रोज पहाटे, नवरा उठायच्या आत, ती खुडायची आणि रुखमाबाईंच्या शेळीला घालायची. त्या बदल्यात रुखमाबाई रोज एक वाटी दूध द्यायच्या. ते दूध गोपिका प्यायची. गेल्या महिनाभरात पोरीच्या अंगावर जे मांस चढलं होतं, ते त्या दुधाचं.

म्हणजे ज्या जोरावर पोरीनं नंदी ओढला, तो जोर नंदीच्या पायांतून आला होता.

मनोहररावांनी अंगणातल्या त्या चार खुंटांना हात लावून पाहिला. मग आत गेले. प्रेमिला भांडी घासत होती. एवढ्या महिन्यांत अर्ध्या नागपूरचे आभार मानून झाले होते आणि इथं मात्र त्यांच्या तोंडून आधी प्रश्नच निघाला.

"तुले माहीत होतं तर सांगितलं काहून नाई वं?"

"सांगतलं होतं. पह्यल्याच दिवशी. तुमी म्हणाले, कागदोपत्री मेलं." तिनं परात पालथी घातली. "अन् तुमी रोज इतके खुश होऊन त्याच्यापाशी जात होते. पोरीच्या दुखण्यानंतर पह्यल्यांदा तुमाले तसं पाह्यलं. मले मोडवलं नाई."

"प्रेमिला, तुझे लई उपकार हायेत माझ्यावर," मनोहरराव म्हणाले. "त्या एकवीस रात्रींचे बी."

प्रेमिला भांडी घासायची थांबली. हातातली राख तशीच राहिली. मग तिनं पदरानं डोळे टिपले आणि म्हणाली की उपकार बिपकार राहू द्या, माझं लाल लुगडं खिळ्यातून सोडवून आणा तेवढं. (ते दोन ठिकाणी फाटलं होतं. त्याचा हिशेब मनोहरराव आयुष्यभर ऐकणार होते आणि आनंदानं ऐकणार होते.)

ते चार पाय पुढे चार झाडं झाली. शेळीला पाला कमी पडला नाही. तीन-चार वर्षांनी फेब्रुवारीत त्यांना लालभडक फुलं आली आणि मैना भांडायला आल्या, तेव्हा घरमालकही पाहायला आला आणि भांडला नाही. गोपिका त्या झाडांना नंदीच म्हणायची.

पण ही गोष्ट कचेरीत पोचायला एवढी वर्षं लागली नाहीत. पुढच्याच जुलैत वनमहोत्सव आला. आवारात खड्डे खणलेले, रोपं मांडलेली, सगळे कारकून रांगेत उभे. मनोहररावांनी आपलं रोप उचललं, बाह्या सरसावल्या आणि खड्ड्याकडे निघाले. साहेबांनी त्यांना हाक मारून थांबवलं. हातातलं रोप काढून घेतलं आणि शिपायाकडून एक करवत मागवून त्यांच्या हाती दिली.

"मनोहरराव, तुम्ही लावू नका," साहेब म्हणाले. "तुम्ही याचं टेबल करायला घ्या. म्हणजे ते जगेल."

मनोहररावांनी मनापासून साहेबांचे आभार मानले आणि करवत हातात घेतली. उलटी.